ईसीएचएसची बिले अडकतात कुठे आणि सुटतील कशी?

निवृत्त_क्लार्क (धागाकर्ता)

सर्वांना जय हिंद.

पलटणीच्या कार्यालयात बावीस वर्षे क्लार्कचे काम केले आणि निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे तालुक्यातल्या माजी सैनिकांचे अर्ज आणि वैद्यकीय बिले भरून देतो आहे. त्यातून माझे एक मत बनले आहे आणि ते जाणकारांकडून तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे असे, की माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे बिल मंजुरीच्या टेबलावर क्वचितच अडकते. ते अडकते पहिल्या दोन दिवसांत आणि शेवटच्या दिवशी, म्हणजे रुग्ण दाखल होताना आणि घरी जाताना जे चार-पाच कागद तयार होतात त्यांत. पुढची साखळी कितीही वेगवान केली तरी हे कागद अर्धवट असतील तर बिल परत येणारच, आणि परत आलेले बिल पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहते.

ज्यांचा या योजनेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्त सैनिक एकदाच वर्गणी भरतो, त्याला कार्ड मिळते, आणि तो व त्याचे आश्रित पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, उपचार घेतात. तेथे होण्यासारखा उपचार नसेल तर पॉलिक्लिनिक रेफरल (पुढे पाठवण्याची चिठ्ठी) देते आणि पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या, खाजगी रुग्णालयात रुग्णाला पैसे न भरता उपचार मिळतात. त्या रुग्णालयाचे बिल सरकारकडून चुकते होते. आपल्याकडे पुणे, मुंबई आणि नागपूर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत. २०१२ पासून बिले ऑनलाइन तपासण्यास टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, त्यापूर्वी कागदांचे गठ्ठे पोस्टाने फिरत असत.

आता बिलाचा प्रवास पाहा. रुग्ण दाखल झाला की रुग्णालय संगणकावर तशी सूचना देते आणि क्लेमचा क्रमांक तयार होतो. रुग्ण घरी गेल्यावर रेफरल, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल, औषधांची बिले, रुग्णाची सही असलेले अंतिम बिल, असे सगळे स्कॅन करून चढवले जाते. प्रादेशिक केंद्रात कागदांची पडताळणी होते, बिल तपासणाऱ्या एजन्सीचे डॉक्टर दर आणि वैद्यकीय गरज तपासतात, त्यानंतर केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, मग रकमेनुसार सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, आणि शेवटी रक्कम. यांपैकी कोणालाही शंका आली की क्वेरी निघते. ‘आणखी माहिती हवी’ एवढाच शेरा पडतो आणि घड्याळ थांबते.

एक उदाहरण देतो. गावातल्या एका सुभेदार साहेबांच्या अँजिओप्लास्टीचे बिल पाच महिने लोंबकळत होते. (साहेबांना पैसे भरावे लागले नव्हते, पण पुढच्या तपासणीला गेल्यावर त्याच रुग्णालयाने तोंड वाकडे केले, म्हणून ते माझ्याकडे आले.) स्टेंटच्या खोक्यावर एक चिकटपट्टी असते, तीवर अनुक्रमांक आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. ती काढून कागदावर चिकटवायची आणि तो कागद स्कॅन करायचा, असा शिरस्ता आहे. या प्रकरणात पट्टी चिकटवली होती, पण तिच्यावर रुग्णालयाचा गोल शिक्का नेमका अनुक्रमांकावर बसला होता. स्कॅनमध्ये तेथे निळा डाग दिसत होता. पहिली क्वेरी त्या अनुक्रमांकासाठी आली. तिचे उत्तर गेल्यावर दुसरी आली, की अँजिओग्राफीची सीडी नाही. तीही दिल्यावर तिसरी आली, की अंतिम बिलावर रुग्णाची सही आहे, पण फोन क्रमांक नाही. या तिन्ही त्रुटी पहिल्या दिवशी एकाच नजरेत दिसत होत्या. तीन वेळा विचारल्यामुळे तीन फेऱ्या झाल्या.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. क्वेरी काढायची तर सगळ्या त्रुटी एकदम लिहाव्यात आणि त्यानंतर त्याच कागदांवर नवी क्वेरी काढता येऊ नये. आणि बिल चढवतानाच संगणकाने ढोबळ चुका पकडाव्यात. आपली मते ऐकायला आवडतील.

कृष्णाकाठ

धागा उपयुक्त आहे, पण सुरुवातीलाच एक खुलासा करतो, कारण पुढे चर्चेत गोंधळ होतो. बरेच लोक ईसीएचएसला विमा म्हणतात. तो विमा नाही. दरवर्षी हप्ता नाही, उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही, आधीपासूनचे आजार वगळलेले नाहीत. डिसेंबर २०१७ पासूनच्या दरांप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये आणि अधिकारी १,२०,००० रुपये अशी एकदाच भरायची वर्गणी आहे. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना तीही नाही.

हा फरक शाब्दिक नाही. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये विमा कंपन्यांना असे बंधन घातले, की कॅशलेस उपचाराची विनंती एका तासात निकाली काढावी आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी; उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे आकारले तर ते कंपनीने स्वतःच्या खिशातून भरावेत. आपली योजना त्या नियामकाच्या कक्षेतच येत नाही. त्यामुळे ‘खाजगी विम्यात तीन तासांत होते, मग आपल्याकडे तीन महिने का’ हा प्रश्न रास्त असला तरी ज्याला जाब विचारायचा तो दरवाजा वेगळा आहे, आणि तो संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाचा आहे.

देयक_विभाग

मी पॅनेलवरच्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात बिलांचे काम पाहते. धागाकर्त्या काकांचे निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे असे मला नम्रपणे सुचवायचे आहे.

आधी आमच्या बाजूची चूक मान्य करते. बिले चढवणारी मुले वर्षभरात बदलतात. नवा मुलगा येतो, त्याला कोणी सांगत नाही की मोतीबिंदूच्या बिलात भिंगाचे स्टिकर लागते, डायलिसिसच्या बिलात प्रत्येक फेरीची तारीख रेफरलच्या मुदतीत बसली पाहिजे, आणि अतिदक्षता विभागातल्या मुक्कामासाठी रोजच्या नोंदींची पाने लागतात, फक्त सारांश चालत नाही. महिनाअखेरीला दोनशे फायली एका स्कॅनरवर चढवल्या जातात आणि त्या घाईत पाने उलटी लागतात. एकदा तर आमच्याकडून एका रुग्णाच्या फाइलमध्ये दुसऱ्याचा ईसीजी गेला होता. अशा बिलावर क्वेरी आली तर दोष तपासणाऱ्याचा नाही.

परंतु सगळे कागद चोख असलेली, मंजूर झालेली बिलेही थांबतात, आणि ती थांबतात कारण त्या वेळी निधी उपलब्ध नसतो. जानेवारीनंतर ही गोष्ट आम्हाला हमखास जाणवते. एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू झाले की जुनी थकबाकी आधी निघते आणि नव्या वर्षाच्या तरतुदीचा एक लचका पहिल्याच तिमाहीत जातो. तरतूद वाढलेली आहे हे मी नाकारत नाही. २०२४-२५ साठी सुमारे ६,९६८ कोटी रुपये होते, २०२५-२६ साठी ८,३१७ कोटी झाले, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांची वाढ. पण लाभार्थ्यांचे वय वाढते आहे आणि त्याबरोबर प्रत्येकी खर्चही. निधी नसताना तपासणी वेगवान केली तर काय होते, तर बिल ‘तपासणीत’ या रकान्यातून निघून ‘मंजूर’ या रकान्यात लवकर जाऊन बसते, एवढेच. रुग्णालयाच्या खात्यात पैसा येत नाही.

आणि तुमच्या सुभेदार साहेबांसमोर तोंड वाकडे झाले त्यामागचे कारण हेच आहे. ते योग्य आहे असे मी म्हणत नाही. पण सहा महिन्यांची येणी अंगावर असताना लहान रुग्णालय औषध पुरवठादाराला काय उत्तर देणार, हा प्रश्न आमच्या व्यवस्थापनाच्या बैठकीत दर महिन्याला निघतो.

तपासणी_टेबल

मी डॉक्टर आहे आणि काही वर्षे सरकारी योजनांची रुग्णालय-बिले तपासण्याचे काम केले आहे. आता ते काम करत नाही, त्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहितो.

प्रत्येक क्वेरीमागे आडमुठेपणा असतो असे मानू नये. या योजनेत दर सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे लागतात. त्या दरपत्रकात पॅकेजची कल्पना आहे. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियागृह, भूल, डॉक्टरांची फी, खाट, नेहमीच्या तपासण्या, औषधे हे सगळे धरलेले असते आणि मुक्कामाचे दिवसही ठरलेले असतात: विशेष शस्त्रक्रियांना १२ दिवस, इतर मोठ्यांना ७, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला आणि साध्या बाळंतपणाला ३, आणि किरकोळ शस्त्रक्रियेला १. आता बिलात पॅकेजही लावले आणि भुलीचे इंजेक्शन वेगळेही लावले, तर ते कापावेच लागते. एकाच वेळी मोठ्या शस्त्रक्रियेबरोबर किरकोळ शस्त्रक्रिया केली तर दुसरीचे निम्मेच पैसे मिळतात, पण बिल पूर्ण रकमेचे येते. हे सगळे चुकून होते असे समजण्याइतका मी भोळा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला, त्यात बिलांच्या विलंबाबरोबरच रुग्णालयांना दिल्या गेलेल्या जादा रकमांवरही बोट ठेवलेले आहे. वेग वाढवा म्हणताना ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

माझ्या मते खरा दोष असा आहे, की सर्व बिलांना एकच चाळणी लावली जाते. डायलिसिसचे उदाहरण घ्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाच्या महिन्याला साधारण तेरा फेऱ्या होतात. दर ठरलेला, निदान तेच, रुग्ण तोच, रुग्णालय तेच. त्यात तपासण्यासारखे एवढेच असते की त्या दिवशी रुग्ण खरोखर आला होता का. आणि ते कागद पाहून कळत नाही, बोटाच्या ठशाच्या नोंदीवरून कळते. तरीही त्या बिलावर तितकेच टेबल, तितकेच शेरे आणि तितकीच माणसे खर्च होतात, जितकी अतिदक्षता विभागात चाळीस दिवस राहिलेल्या रुग्णाच्या अकरा लाखांच्या बिलावर. मोतीबिंदूचेही तसेच.

स्टेंटबद्दल थोडे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची मर्यादा २९,६०० रुपये होती. पुढे तीत वेळोवेळी बदल झाले. त्याआधी स्टेंटच्या किमतीवरून जे वाद होत ते त्या एका निर्णयाने जवळपास संपले. किंमत आधी ठरली की तपासणाऱ्याचे काम ‘किती घातले आणि कोणते’ एवढ्यावर येते. म्हणूनच ती चिकटपट्टी इतकी महत्त्वाची असते आणि म्हणूनच तिच्यावर शिक्का मारणाऱ्याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

थोडक्यात, ठरावीक दराची आणि वारंवार येणारी बिले यंत्राने पडताळून लगेच मंजूर करावीत, त्यांतली काही यादृच्छिक निवडून नंतर कसून तपासावीत, आणि डॉक्टरांची नजर मोठ्या व गुंतागुंतीच्या बिलांसाठी राखून ठेवावी.

मेजर_निवृत्त

डॉक्टर साहेबांशी एका मुद्द्यावर मतभेद आहे. हा सार्वजनिक पैसा आहे. ‘आधी पैसे द्या, नंतर नमुना तपासा’ हे ऐकायला बरे वाटते, पण नंतरच्या तपासणीत दोष सापडला तर वसुली कशी होते हे ज्याने पाहिले आहे त्याला विचारा. लेखापरीक्षणाचा आक्षेप आला की मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला वर्षानुवर्षे उत्तरे द्यावी लागतात. म्हणून तो अधिकारी एक क्वेरी जास्त काढतो. माणूस म्हणून ते समजण्यासारखे आहे. वेगाची अपेक्षा करायची असेल तर प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयाला आधी संरक्षण द्यावे लागेल.

तपासणी_टेबल

मेजर साहेब, वसुलीची अडचण मान्य आहे. पण रुग्णालयाची पुढची बिले येतच असतात. त्यांतून वळती करून घेता येते. पॅनेल सोडून गेलेल्या रुग्णालयाचा प्रश्न राहतो, त्यासाठी बँक हमी असते. संरक्षणाचा तुमचा मुद्दा मात्र माझ्या मुद्द्यापेक्षा मोठा आहे आणि तो मी लिहायला हवा होता.

आकडेमोड

मी लष्करातला नाही, वडील हवाई दलात होते. माझा व्यवसाय रांगा मोजण्याचा आहे (बँकेत), म्हणून थोडे गणित मांडतो. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, फक्त तर्क समजावा म्हणून.

समजा एखाद्या केंद्रात रोज ४०० बिले येतात आणि एका बिलाला सरासरी ६० दिवस लागतात. तर कोणत्याही दिवशी २४,००० बिले प्रलंबित दिसणारच. हे कोणाच्या आळसामुळे नाही, हा केवळ गुणाकार आहे. आता तपासणाऱ्यांची क्षमता रोज ४५० बिलांची आहे असे धरा. कागदावर ५० ची सवड आहे, थकबाकी हळूहळू कमी व्हायला हवी. पण तीनांतले एक बिल क्वेरी लागून एकदा परत येत असेल तर प्रत्यक्ष तपासण्या होतात ५३३. म्हणजे ५० ची सवड जाऊन रोज ८३ ची तूट येते आणि ढीग वाढतच जातो. माणसे तीच, बिले तीच. धागाकर्त्यांचा ‘एकदम सगळ्या त्रुटी लिहा’ हा प्रस्ताव वरवर किरकोळ वाटतो, पण गणितात तो नव्या माणसांच्या भरतीइतका परिणाम करतो.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. कोणत्याही देयक-व्यवस्थेत आधी हे पाहावे, की दिवस कोठून मोजले जातात. क्वेरी काढताच घड्याळ थांबत असेल आणि उत्तर आल्यावर शून्यापासून सुरू होत असेल, तर पाच महिने लटकलेले बिलही अहवालात ‘२० दिवसांत निकाली’ असे दिसू शकते. त्यामुळे क्वेरी काढणे हा तपासणाऱ्यासाठी नकळत फायद्याचा सौदा ठरतो. घड्याळ डिस्चार्जच्या तारखेपासून चालू ठेवा आणि कोणत्याही कारणाने थांबवू नका. त्यात रुग्णालयाच्या बाजूने किती दिवस गेले आणि तपासणीच्या बाजूने किती, हे दोन रकान्यांत दाखवा. आणि सरासरी छापू नका. ९० दिवसांवर गेलेली बिले किती, हा एकच आकडा दर महिन्याला छापा.

देयक_विभाग ताईंचा निधीचा मुद्दा मी नाकारत नाही, पण ‘मंजूर पण अदा नाही’ अशा बिलांची रक्कम वेगळी दिसू लागली तरच तरतूद वाढवून मागण्याला बळ येते. सध्या निधीअभावी थांबलेले बिल आणि त्रुटीमुळे थांबलेले बिल बाहेरून सारखेच दिसते.

हवालदारपुत्र

आपण सगळे रुग्णालयांच्या बिलांविषयी लिहीत आहात. माझा प्रश्न स्वतः पैसे भरलेल्यांचा आहे.

माझे वडील निवृत्त हवालदार. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता छातीत कळ आली. पॅनेलवरचे रुग्णालय आमच्या गावापासून ७० किलोमीटरवर, रस्त्यात पूल पाण्याखाली. जे जवळ होते तेथे नेले, ते पॅनेलवर नव्हते. एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये भरले, त्यांतले सव्वा लाख सोसायटीतून उचललेले. पॉलिक्लिनिकला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवले होते. सगळे कागद दिले. तीन महिन्यांनी क्वेरी आली: ‘आपत्कालीन स्थिती सिद्ध होत नाही.’ हृदयविकाराच्या झटक्यात आपत्कालीन स्थिती आणखी कशी सिद्ध करायची असते हे मला खरोखर कळलेले नाही. वडील आता म्हणतात सोडून दे. मला सोडायचे नाही.

निवृत्त_क्लार्क

बाळा, सोडायचे नाहीच. कागद समोर ठेव आणि मी विचारतो ते बघ.

पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात आपत्कालीन स्थितीत दाखल झाल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. ते तू केलेस. पण कळवल्याचा पुरावा आहे का? फोनने कळवले असशील तर तेथल्या नोंदवहीत किंवा संगणकावर नोंद झाली का, आणि तिची तारीख व वेळ काय, हे आधी पाहा. नोंद नसेल तर फोनमधल्या कॉल-यादीचे चित्र काढून लेखी निवेदनाला जोड.

नंतर त्या रुग्णालयाने दिलेले आपत्कालीन प्रमाणपत्र काढ. मी आजवर अशी चाळीसेक प्रकरणे हाताळली असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांत प्रमाणपत्रावर एवढेच लिहिलेले असते, की ‘रुग्णास तातडीने दाखल करण्यात आले’. तपासणाऱ्याला त्यावरून काही कळत नाही. रुग्ण किती वाजता आला, आल्यावर नाडी आणि रक्तदाब किती होता, ईसीजीत काय दिसले, आणि ७० किलोमीटर पाठवले असते तर काय धोका होता, हे डॉक्टरांनी चार ओळींत लिहून नोंदणी क्रमांकासह सही करायला हवी. डिस्चार्ज समरीवर फक्त तारीख असते, वेळ नसते. रात्री अडीचला आलेला रुग्ण आणि सकाळी दहाला चालत आलेला रुग्ण कागदावर एकसारखेच दिसतात.

पुलाचा मुद्दा स्वतःच्या निवेदनात लिही. ‘परिस्थितीमुळे जावे लागले’ असे मोघम लिहू नकोस. कोणता रस्ता, कोणता पूल, कोणती तारीख, हे लिही आणि ग्रामपंचायतीचा किंवा तलाठ्याचा दाखला मिळाला तर जोड. नावही तपास. लष्कराच्या डिस्चार्ज बुकातले नाव, कार्डावरचे नाव आणि रुग्णालयाच्या बिलावरचे नाव अक्षर-अक्षर जुळायला हवे. आपल्याकडे आडनाव पुढे-मागे होते आणि ‘किसन’चा ‘किशन’ होतो, तेवढ्यावर फाइल थांबलेली मी पाहिली आहे.

आणि एक गोष्ट वडिलांना आधीच सांगून ठेव, म्हणजे नंतर मन मोडणार नाही. भरलेली सगळी रक्कम मिळत नाही. सीजीएचएसच्या दराने होणारी रक्कम किंवा प्रत्यक्ष बिल, यांत जी कमी ती मिळते.

कृष्णाकाठ

हवालदारपुत्र यांच्यासाठी एक जोड देतो. शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी निकाल दिला. ते प्रकरण सीजीएचएसच्या निवृत्तिवेतनधारकाचे होते, आपल्या योजनेचे नव्हे, पण तत्त्व तेच आहे. केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून प्रतिपूर्ती नाकारता येत नाही. उपचार खरोखर घेतले का आणि त्याला पुरावा आहे का, हे पाहायचे असते. निवृत्तांचे दावे महिन्याभरात निकाली काढण्याची अपेक्षाही त्या निकालात आहे. उत्तराच्या पत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख करावा, पण भर कागदांवरच ठेवावा. निकाल दाखवून क्वेरी सुटत नाही, पुरवणी कागदाने सुटते. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर क्लेम क्रमांकासह नोंद करावी. तेथे दिलेले उत्तर कोणाला तरी सही करून द्यावे लागते, हा त्याचा फायदा.

देयक_विभाग

काकांच्या वरच्या प्रतिसादातला वेळेचा मुद्दा वाचून मी आज आमच्याकडचा डिस्चार्ज समरीचा नमुना उघडून पाहिला. दाखल होण्याची तारीख आहे, वेळेचा रकानाच नाही. संगणकात वेळ असते, पण छापील प्रतीत येत नाही. आमच्या संगणक विभागाला सांगून तो रकाना घालून घेतला आहे. काम दहा मिनिटांचे होते.

सदस्यांनाही एक विनंती करते. डिस्चार्जच्या वेळी घाईत कोऱ्या किंवा अर्धवट बिलावर सही करू नका. बिलावरच्या ओळी वाचा. जे इंजेक्शन दिलेले नाही, जी तपासणी झालेली नाही, ती दिसली तर तेथेच विचारा. ‘पैसे सरकार भरणार आहे, आपल्याला काय’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्या जादा ओळीमुळेच तुमच्या बिलावर क्वेरी लागते, आणि पुढच्या वेळी तुम्हाला खाट मिळायला त्रास होतो.

मेजर_निवृत्त

ताईंच्या या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आणखी एक लहान सूचना. आपले बिल कोणत्या टेबलावर आहे हे लाभार्थ्याला मोबाइलवर संदेशाने कळावे, बिल रुग्णालयाचे असले तरीही. रुग्णालय सांगते ‘ईसीएचएस पैसे देत नाही’, पॉलिक्लिनिक सांगते ‘रुग्णालयाने कागद दिले नाहीत’, आणि सत्तर वर्षांचा माणूस दोघांमध्ये फिरतो. संदेशात ‘क्वेरी रुग्णालयाकडे, अठरा दिवस’ एवढे जरी आले तरी खोटे बोलण्याला जागा उरणार नाही.

निवृत्त_क्लार्क

सर्वांचे आभार. माझ्या मूळ म्हणण्यात दोन दुरुस्त्या करतो. निधीअभावी थांबणाऱ्या बिलांचा मी विचारच केला नव्हता, कारण माझ्याकडे येणारा माणूस फक्त क्वेरीचा कागद घेऊन येतो. आणि डायलिसिससारख्या बिलांना वेगळी वाट असावी हे डॉक्टर साहेबांचे म्हणणे मला पटले आहे. आमच्या तालुक्यात असे अकरा रुग्ण आहेत, त्यांच्या बायका-मुलांचा आठवड्यातला एक दिवस निव्वळ रेफरलच्या रांगेत जातो.

पण एक आग्रह कायम ठेवतो. वरचे निर्णय दिल्लीत होतील तेव्हा होतील. वेळेचा रकाना मात्र ताईंनी दहा मिनिटांत घातला. मी येत्या रविवारी एका पानाचा तक्ता करतो आहे: दाखल होताना कोणते कागद, घरी जाताना कोणते, प्रत्येकावर काय काय लिहिलेले असले पाहिजे आणि शिक्का कोठे मारू नये. मजकूर येथेच टाकीन, डॉक्टर साहेबांनी आणि ताईंनी चुका काढाव्यात. मग पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्यांना विचारून तो तेथील भिंतीवर लावू.

हवालदारपुत्र

काका, आज त्या रुग्णालयात जाऊन आलो. प्रमाणपत्रावर खरोखरच वेळ नव्हती. डॉक्टरांनी जुन्या नोंदी काढून नवे प्रमाणपत्र दिले: दाखल ०२:५०, रक्तदाब ८०/५०, ईसीजीतला बदल, आणि ‘पुढे हलवणे जिवावर बेतले असते’ असे स्पष्ट वाक्य. तलाठी कार्यालयातून पुलाचा दाखला उद्या मिळेल. कॉल-यादीत पॉलिक्लिनिकला केलेला सकाळी ९:१२ चा फोन सापडला. नाव मात्र एका ठिकाणी जुळत नाही. कार्डावर वडिलांचे मधले नाव पूर्ण आहे आणि बिलावर फक्त आद्याक्षर. यासाठी रुग्णालयाकडून दुरुस्तीचे पत्र पुरेल, की प्रतिज्ञापत्र लागेल?

निवृत्त_क्लार्क

आधी रुग्णालयाच्या लेटरहेडवर पत्र घे, त्यात दोन्ही नावे आणि रुग्ण क्रमांक येऊ दे. प्रतिज्ञापत्र सोबत तयार ठेव, पण मागितल्याशिवाय लावू नकोस. आणि पत्रावरचा शिक्का नावावर पडणार नाही तेवढे तेथे उभा राहून बघ.